मळलेल्या इंजिनाचें खरेंपण

वाफेचें इंजिन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा मेलगाडीचें इंजिन उभें राहतें. लांबलचक देह, माणसाच्या उंचीचीं चाकें, आणि फलाटावरच्या गर्दीला दिपवून टाकणारा डौल. परंतु ह्या इंजिनांच्या कुळांत एक धाकटी शाखा होती. तिच्या वांट्याला फलाट आला नाहीं, वेळापत्रक आलें नाहीं, फुलांच्या माळाहि आल्या नाहींत. दगडाच्या व कोळशाच्या खाणी, वीटभट्ट्या, सिमेंटचे कारखाने, उंसाचे मळे, बंदरें आणि कालव्यांचीं बांधकामें अशा ठिकाणीं हीं छोटीं इंजिनें जन्मभर राबलीं. त्यांना आपण सोयीसाठीं कारखानी इंजिनें म्हणूं.

आपल्याकडे ह्या शाखेला एक मान आहे, तो सहसा कोणी सांगत नाहीं. बोरीबंदराहून ठाण्याला पहिली उतारूगाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. पण त्याच्या आधीं, १८५१ सालच्या अखेरीस, रुडकीजवळ गंगेच्या कालव्याच्या कामावर 'थॉमसन' नांवाचें इंजिन माती ओढूं लागलें होतें. आणि १८५२ सालीं खुद्द मुंबईंत, भायखळ्याच्या बाजूला, 'लॉर्ड फॉकलंड' हें इंजिन रेल्वेच्या कंत्राटदारांच्या मालाची ने-आण करीत होतें. उतारूंना बसायला गाडी मिळाली ती नंतर. आधीं आलें तें मजुराचें इंजिन.

हीं इंजिनें आतां जवळजवळ नाहींशीं झालीं आहेत. कांहीं थोडीं संग्रहालयांत आहेत, कांहीं हौशी मंडळींनीं चालू ठेवलीं आहेत. पण दोन्हीकडे तीं घांसूनपुसून लखलखीत ठेवलेलीं असतात. तीं कामावर असतांना कशीं दिसत होतीं हें पाहावयाचें असेल, तर आज एका वेगळ्याच कारागिराकडे जावें लागतें. हा कारागीर ह्या इंजिनांच्या हातांत मावतील एवढ्या प्रतिकृती घडवितो, त्या रंगवितो, आणि शेवटीं एक चमत्कारिक गोष्ट करतो. महिनोन् महिने खपून चकचकीत केलेलें इंजिन तो आपल्याच हातानें मळवितो. धूर, गंज, तेल, चुन्याचे ओघळ, धूळ हें सारें तो बारीक कुंचल्यानें त्यावर चढवितो. इंग्रजींत ह्या कृतीला 'वेदरिंग' म्हणतात. ऊन, पाऊस आणि काम यांनीं वस्तूवर जो इतिहास लिहिलेला असतो, तो रंगानें पुन्हां लिहिणें, असा तिचा अर्थ आहे. आजच्या भाषणांत मला ह्या कलेची रीत सांगावयाची आहे, आणि तिच्या मुळाशीं असलेला एक नियमहि सांगावयाचा आहे. तो नियम असा कीं, कारण सांगतां येत नाहीं असा एकहि डाग लावूं नये.

नुसती रीत सांगितली तर ती हवेंत राहील. म्हणून एक खरें उदाहरण घेऊं. ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ प्रांत आहे. त्याच्या उत्तर भागांत, लॅनबेरिस गांवाजवळ एलिडिर नांवाच्या डोंगरावर डिनॉर्विकची प्रचंड खाण होती. ज्या काळ्या-निळ्या दगडाची शाळेंतली पाटी होते तो पाटीचा दगड तेथें निघे, आणि त्याचे पातळ पत्रे काढून ते घरांच्या छपरांवर घालण्यासाठीं दूरदूर जात. ह्या खाणींत डोंगर पायऱ्यापायऱ्यांनीं खणीत वर नेला होता. प्रत्येक पायरीवर रूळ होते, आणि त्या रुळांवर दगडाचे डबे ओढण्यासाठीं छोटीं इंजिनें होतीं. दोन रुळांमधील अंतर अवघें पावणेतेवीस इंच. इंग्लंडांतील लीड्स शहरच्या हन्स्लेट कारखान्यानें ह्या खाणीसाठीं पहिलें इंजिन १८७० सालीं बांधलें, आणि पुढें अनेक वर्षें तो अशीं इंजिनें पुरवीत राहिला.

हें इंजिन कसें होतें? चारच चाकें, आणि त्यांचा व्यास सुमारें वीस इंच. पाण्याची टाकी वेगळी ओढण्याऐवजीं ती बॉयलरवरच, घोड्यावर खोगीर घालावें तशी, दोन्ही बाजूंना उतरलेली. यामुळें दोन कामें साधत. इंजिन आंखूड राही, म्हणून तें आंवळ वळणांवरून जाई. आणि पाण्याचें वजन चाकांवर पडून चाकें रुळांवर घसरत नसत. पुष्कळ इंजिनांना ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्परहि नव्हतें. वेल्सच्या त्या भागांत पाऊस पुष्कळ. तो इंजिनावर पडे तसाच माणसावरहि पडे.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. ह्यांतील कांहीं इंजिनांना खाणीच्या मालकाच्या शर्यतीच्या घोड्यांचीं नांवें दिलेलीं होतीं. 'क्लॉइस्टर' आणि 'जेरी एम' हे त्यांपैकीं दोन घोडे. त्यांनीं अनुक्रमें १८९३ व १९१२ सालीं ग्रँड नॅशनल ही प्रसिद्ध शर्यत जिंकली होती. ज्या यंत्रानें जन्मभर दगड ओढावयाचे, त्याच्या अंगावर मालकाच्या घोड्याचें नांव पितळेच्या अक्षरांत! १९०२ सालीं बांधलेलें 'होली वॉर' हें इंजिन १९६७ पर्यंत राबलें. वेल्सच्या पाटीच्या खाणींत काम करणारें तें शेवटचें वाफेचें इंजिन. १९६९ सालीं खाणच बंद पडली. तिच्या कर्मशाळांत १९७२ सालीं संग्रहालय उघडलें, आणि २०२१ मध्यें युनेस्कोनें त्या सबंध प्रदेशाला जागतिक वारशांत स्थान दिलें.

आतां अशा इंजिनाची प्रतिकृति करूं. पहिला प्रश्न मापाचा. एका फुटाला चार मिलिमीटर, सात मिलिमीटर किंवा सोळा मिलिमीटर अशीं निरनिराळीं प्रमाणें रूढ आहेत. सोळा मिलिमीटरचें प्रमाण म्हणजे मूळ वस्तूच्या सुमारें एकोणिसाव्या हिश्शाएवढी प्रतिकृति. ह्या प्रमाणांत डिनॉर्विकचा मार्ग सुमारें तीस मिलिमीटर रुंद होतो, आणि इंजिनाचें चाक आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढें. टेबलावर ठेवून काम करावयास हें माप सोईचें पडतें.

इंजिनाचे भाग बहुधा पितळेच्या पातळ पत्र्याचे असतात. पत्र्यावर नकाशा छापून त्याचा उघडा राहिलेला भाग रसायनानें खाऊन टाकतात. त्यामुळें करवतीनें कधीं कापतां येणार नाहींत इतके नाजूक आकार नेमके सुटून येतात. रिव्हेटांच्या जागीं पत्र्याच्या पाठीवर सुईच्या अग्राएवढे खळगे राहतात. बोथट टोंचणीनें त्यांवर दाब दिला कीं दर्शनी बाजूला रिव्हेटाचें डोकें उठून येतें. धुराडें, घुमट, झडपा असे गोलाईचे भाग कथलाच्या मिश्र धातूचे ओतीव असतात. अलीकडे संगणकावर आराखडा काढून राळेसारख्या पदार्थांतहि ते छापून घेतात.

हे भाग डाख देऊन जोडावयाचे. येथें उष्णतेचा हिशोब सांभाळावा लागतो. पितळेला पितळ जोडतांना १८८ अंश सेंटिग्रेडला वितळणारा डाख वापरावा. त्याच्याशेजारचा सांधा नंतर करावयाचा असेल, तर १४५ अंशांचा घ्यावा, म्हणजे पहिला सांधा सुटत नाहीं. कथलाच्या ओतीव भागांना सुमारें ७० अंशांवर वितळणारा डाख लागतो, कारण अधिक ऊष्णतेनें तो भागच डोळ्यांदेखत विरघळून जाईल. म्हणून कामाचा क्रम आधीं कागदावर लिहावा, आणि मग कावीळ झालेल्या माणसाच्या पथ्यासारखा तो पाळावा.

सांगाडा जोडतांना तो जाड कांचेच्या तुकड्यावर ठेवून पाहावा. चारहि चाकें कांचेला टेकलीं पाहिजेत. खरा रूळ मात्र कांचेसारखा सपाट नसतो, आणि चार पायांचें स्टूल खडबडीत जमिनीवर डुगडुगतें हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तिपाई मात्र कधींच डुगडुगत नाहीं. म्हणून कुशल कारागीर एक आंस पक्का बसवितो, आणि दुसरा आंस मधल्या एका बिंदूवर तराजूच्या दांडीसारखा हलता ठेवतो. इंजिन चार चाकांचें दिसतें, पण टेकतें तीन ठिकाणीं. त्यामुळें तें रुळांवर अडखळत नाहीं, आणि विजेचा स्पर्शहि तुटत नाहीं. आंतल्या मोटरीच्या चाळीस-पन्नास फेऱ्यांना चाकाची एक फेरी होईल अशी दंतचक्रांची योजना करतात. खाणींतलें इंजिन माणसाच्या चालीनें चालत असे. प्रतिकृति जर सशासारखी पळूं लागली, तर तिचा रंग कितीहि सुरेख असला तरी उपयोग नाहीं.

घडण संपली कीं रंगकाम. प्रथम सारें इंजिन साबणाच्या पाण्यानें घासून धुवावें. बोटांचें तेल व डाखाचें आम्ल राहिलें तर रंग कधींतरी पापुद्र्यानें सुटणार हें निश्चित. मग धातूला धरून ठेवणाऱ्या अस्तराचा पातळ हात, आणि त्यावर रंगाचे दोनतीन पातळ हात. एका जाड हातानें रिव्हेटांचीं डोकीं बुडून जातात. हवेच्या दाबानें रंगाचा तुषार सोडणारी लेखणी असली तर उत्तम. नसली तर चांगला चपटा कुंचला आणि उदंड धीर पुरेसा आहे.

रंगाच्या बाबतींत दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. एक अशी कीं, शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा हे रंग प्रतिकृतीवर वापरूं नयेत. हातभर अंतरावरून आपण जी प्रतिकृति पाहतों, ती खऱ्या इंजिनाकडे वीस-पंचवीस पावलांवरून पाहिल्यासारखी दिसते. आणि तेवढ्या अंतरावर हवेमुळें काळा रंग किंचित करडा व पांढरा किंचित मळकट दिसतो. काळ्यांत थोडा तपकिरी वा करडा मिसळला कीं इंजिनाला एकदम वजन येतें. दुसरी सूचना जुन्या छायाचित्रांविषयीं. जुन्या काळच्या कांचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें तांबडें इंजिन चित्रांत काळें उमटे. शिवाय कारखाने नव्या इंजिनाचें चित्र घेण्यापूर्वीं त्याला मुद्दाम करडा, चमक नसलेला रंग देत, म्हणजे प्रत्येक अवयव स्पष्ट दिसावा. तें चित्र घेऊन झालें कीं इंजिनाला खरा रंग मिळे. तेव्हां छायाचित्र हा साक्षीदार खरा, पण त्याची उलटतपासणी केल्यावांचून त्यावर विसंबूं नये.

रंग वाळला, नांवाची पाटी बसली, वर व्हार्निशचा संरक्षक हात झाला. आतां मळविण्याची वेळ. येथपर्यंत ज्याचा हात सराईत असतो, त्याचें काम सुबक होतें. येथून पुढें ज्याचें डोकें जागें असतें, त्याचेंच काम खरें होतें.

खरें मळणें कसें असतें हें पाहण्यासाठीं इंजिनच पाहिजे असें नाहीं. घरांत आजीच्या वेळचें हातानें फिरवावयाचें शिवणयंत्र असेल, तर तें जरा निरखून पाहा. त्याच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी सगळीकडे सारखी झिजलेली नसते. जेथून कापड सरकतें आणि जेथें मनगट टेकतें, तेथें ती पार पुसून गेलेली असते. आणि मागच्या बाजूला, जेथें कोणाचा हात जात नाहीं, तेथें ती नव्यासारखी असते. त्या झिजेवरून यंत्राशीं कोणी कसें काम केलें तें सांगतां येतें. इंजिनावरहि असेंच लिहिलेलें असतें. तें वाचावयाचें म्हणजे चार प्रश्न विचारावयाचे: वरून काय पडलें, आंतून काय निघालें, खालून काय उडालें, आणि माणसाचा हात कोठें लागला.

वरून पडते ती काजळी. धुराड्यांतून निघालेला धूर इंजिनाच्या पाठीवरच बसतो. म्हणून टाकीचा माथा, घुमट, आणि छप्पर असल्यास तें, हीं सर्वांत काळीं. बाजू त्या मानानें उजळ. पावसाचें पाणी ही काजळी घेऊन सरळ खालीं उतरतें, आणि रिव्हेटाच्या डोक्याशीं किंवा पट्टीच्या कडेशीं अडून तेथें काळी रेघ सोडतें. ओघळ नेहमीं उभे असतात. आडवा ओघळ काढणाऱ्यानें पाऊस कधीं पाहिलाच नाहीं असें म्हणावें लागेल!

आंतून निघतें तें पाणी, वाफ आणि उष्णता. धुराड्याखालच्या पेटींत भट्टींतून ओढली गेलेली निखाऱ्यांची राख सांचते. ती तापली कीं पेटीच्या दाराचा खालचा भाग भाजून निघतो. तेथील रंग आधीं फिका पडतो, मग भुरा होतो, आणि शेवटीं तांबूस लोखंड उघडें पडतें. म्हणून भाजल्याची खूण दाराच्या खालच्या भागांत असावी, वरच्या भागांत नव्हे. बॉयलरच्या झडपांतून व सांध्यांतून गळणारें पाणी आटून पांढरे डाग पडतात. पण येथेंहि विचार करावा. चुनखडीच्या मुलखांतील पाणी जड असतें. तेथें असे डाग जाड, ठसठशीत पडतात. पाटीच्या दगडाच्या डोंगरांतलें पाणी हलकें असतें. डिनॉर्विकच्या इंजिनावर चुन्याचे जाड थर चढविणारा कारागीर, नकळत, त्या डोंगराचा दगडच बदलून टाकतो.

खालून उडतें तें तेल आणि धूळ. चाकें जोडणाऱ्या दांड्यांना वरचेवर वंगण घालावें लागतें. त्यावर धूळ बसून काळपट तपकिरी चिखल होतो. पण ह्याच तेलामुळें ते दांडे गंजत नाहींत. चालत्या इंजिनाच्या दांड्यांवर नारिंगी गंज दाखविणें ही नवशिक्यांच्या कामांत वारंवार आढळणारी विसंगति आहे. लोखंडी ब्रेक चाकावर घांसून जी बारीक पूड उडते ती मात्र लगेच गंजते, म्हणून चाकांच्या आसपास व सांगाड्याच्या खालच्या भागावर एक तपकिरी झांक बसते. शेवटीं त्या त्या जागेची धूळ: कोळशाच्या खाणींत काळी, वीटभट्टीवर तांबूस, सिमेंटच्या कारखान्यांत फिकट करडी, आणि डिनॉर्विकला निळसर-जांभळट करडी. एकाच घडणीचीं दोन इंजिनें एक विटांच्या व एक पाटीच्या खाणींत दिलें, तर दहा वर्षांनीं त्यांचा रंग सारखा राहणार नाहीं.

चौथा प्रश्न माणसाच्या हाताचा, आणि माझ्या मतें तोच सर्वांत मोलाचा. इंजिनावर चढतांना धरावयाची दांडी एकाच ठिकाणीं धरली जाते. तेवढाच भाग घांसून चकचकीत होतो. पायरीचा मध्य उघडा पडतो, कडांचा रंग तसाच राहतो. पाण्याच्या टाकीच्या झांकणाभोंवतीं रंग टवके उडून गेलेला असतो, आणि सांडलेल्या पाण्यानें तेथली काजळी धुवून निघालेली असते. तेलकट चिंधीनें इंजिन पुसणाऱ्याचा हात जेथपर्यंत पोंचतो, तेथपर्यंत टाकी मंद चमकते. त्याच्यावर पुन्हां काजळ. पितळेची नांवाची पाटी मात्र पुष्कळदां झळझळीत असते. सगळें अंग मळलेलें आणि नांव तेवढें उजळ! आपल्या यंत्राविषयीं माणसाच्या मनांत काय होतें तें ह्या एका विरोधांतून कळतें.

आतां कृति थोडक्यांत सांगतों. खालचा रंग पाण्यांत विरघळणारा असेल, तर मळ तेलरंगाचा घ्यावा, म्हणजे टर्पेंटाइननें तो पुसतांना खालच्या रंगाला धक्का लागत नाहीं. काळा व तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सर्व अंगाला फांसावा, दहा-पंधरा मिनिटें थांबावें, आणि कापसाच्या बोळ्यानें वरून खालीं पुसून काढावा. सांधे, कोपरे आणि रिव्हेटांचीं मुळें यांत जो राहील तोच खरा मळ. गंजानें सुटलेला रंग दाखवावयाचा असल्यास आधीं गंजाचा रंग द्यावा, ओल्या जागीं मिठाचे खडे चिकटवावे, वाळल्यावर इंजिनाचा रंग द्यावा, आणि मग पाण्यानें मीठ धुवून टाकावें. खड्यांच्या जागीं खालचा गंज अनियमित आकारांत उघडा पडतो. धुळीसाठीं वस्त्रगाळ रंगपूड मऊ कुंचल्यानें लावावी.

ह्या सगळ्यांत माप विसरूं नये. खऱ्या इंजिनावरचा एक इंचाचा टवका सोळा मिलिमीटरच्या प्रमाणांत सव्वा मिलिमीटरहून थोडासा मोठा होतो. सात मिलिमीटरच्या प्रमाणांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आणि चार मिलिमीटरच्या प्रमाणांत फक्त एक तृतीयांश मिलिमीटर. डाळीच्या दाण्याएवढा टवका दाखविला, तर मूळ इंजिनावर तो ताटलीएवढ्या भगदाडासारखा होईल. म्हणून प्रत्येक थरानंतर थांबावें, इंजिन हातभर दूर ठेवून पाहावें, आणि शंका आली तर कुंचला खालीं ठेवावा. मळ वाढविणें केव्हांहि शक्य असतें, उतरविणें फार कठीण.

श्रोतेहो, इतकी काटेकोर मेहनत कशासाठीं, असा प्रश्न आपल्या मनांत आला असेल. खेळण्याएवढ्या वस्तूवर धूळ बरोबर रंगाची पडली काय, किंवा न पडली काय? त्याचें उत्तर त्या धुळींतच आहे. पाटीच्या दगडाची जी निळसर पूड आपण कुंचल्यानें हौसेनें उडवितों, तीच पूड खाणींतल्या माणसांच्या श्वासाबरोबर त्यांच्या छातींत जात होती. तिनें फुप्फुसें निकामी होत आणि तरुण माणसें धापा टाकीत घरीं बसत. एके काळीं खाणींच्या डॉक्टरांपैकीं कांहीं जण ह्या आजाराचा दोष कामगारांच्या कढत चहावर ठेवीत. ब्रिटिश पार्लमेंटनें धुळीमुळें जडणाऱ्या फुप्फुसरोगांच्या भरपाईचा कायदा केला तो १९७९ सालीं. त्याच्या पाठीमागें वेल्सच्या पाटीच्या खाणींतील कामगारांचा दीर्घ आग्रह होता. डिनॉर्विकची खाण तेव्हां बंद होऊन दहा वर्षें झालीं होतीं.

लखलखीत इंजिन ही हकीकत सांगत नाहीं. त्याच्याकडे पाहून आपण मालकाच्या घोड्याचें नांव वाचतों, कारखान्याचें कौशल्य वाखाणतों, आणि पुढें जातों. उलट, नुसत्या देखाव्यासाठीं गंजानें माखलेलें इंजिनहि सत्य सांगत नाहीं. तें कोणीं टाकून दिलेल्या भंगारासारखें दिसतें, आणि ज्या माणसांनीं तें रोज पुसून, वंगण घालून, साठ-साठ वर्षें चालतें ठेवलें, त्यांच्या निगेवर त्यानें अन्याय होतो. ह्या दोन टोकांच्या मध्यें जी अरुंद वाट आहे, तीवरून चालण्यासाठीं कारागिराला दगड, पाणी, हवा, यंत्र आणि माणूस या पांचांचीहि ओळख करून घ्यावी लागते. ही ओळख हेंच ह्या छंदाचें खरें फळ आहे असें मला वाटतें. प्रतिकृति कपाटांत राहते. ओळख माणसाबरोबर फिरते.

ज्यांना ह्या कामाची सुरुवात करावीशी वाटेल त्यांनीं महागडीं हत्यारें प्रथमच घेऊं नयेत. एक वही घ्यावी, आणि आठवडाभर घराबाहेरच्या राबणाऱ्या वस्तूंचे डाग टिपावे: हातगाडीचा दांडा, सायकलचें पायटें, पाण्याच्या टांक्याचा नळ, पिठाच्या गिरणीचा पट्टा. प्रत्येक डागासमोर त्याचें कारण लिहावें. वहीचीं दहा पानें अशीं भरलीं म्हणजे मग पितळेचा पत्रा आणि डाख हातीं घ्यावा. हात बसायला वेळ लागेल. पण तोंपर्यंत डोळ्याला जें दिसूं लागलें असेल, तें इंजिन पुरें झालें नाहीं तरी वायां जाणार नाहीं.